छातीवरच्या लवीच्या गाठी: राहू द्यायच्या, क्रीम लावायचं की काढून घ्यायच्या?

छातीवर एक ते तीन मिलिमीटरच्या, कातडीच्याच किंवा निळसर-काळपट रंगाच्या पुळ्या. दुखत नाहीत, दाबल्या तरी पू येत नाही. बहुतेकदा शाळकरी वयात नाहीतर विशीच्या आसपास उठतात. मुरूम समजून लोक वर्षभर साबण बदलत बसतात. डॉक्टर एक पुळी टोचून आतला ऐवज काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली लवीचे केस दिसले की निदान पक्कं: इरप्टिव्ह वेलस हेअर सिस्ट. पहिलं वर्णन १९७७ सालचं. ना कर्करोग, ना संसर्ग. कधी कधी मात्र घराण्यात चालत येतात.

काहीच न करणं हाही उपचारच आहे. काही जणांच्या गाठी आपोआप वर उघडून रिकाम्या होतात, पण महिने-वर्षं लागतात. खाज-दुखणं नसेल, तर आमचं मत इथंच थांबा.

क्रीममध्ये ट्रेटिनोइन ०.०५ टक्के: रात्री, कोरड्या कातडीवर, पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड. दोन-तीन महिने तरी लावावं लागतं आणि फरक बेताचाच पडतो. कातडी सोलते, उन्हात चुरचुरते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून सुरुवात दिवाळीनंतर करा. गरोदरपणात हे क्रीम नको. युरिया १० टक्के सौम्य, तसाच सावकाश. मेडिकलवाला देतो ती स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब मात्र नकोच. गाठ तशीच राहते, कातडी तेवढी पातळ होते.

मोजक्याच गाठी असतील तर सुई बरी. बधिर करणारं क्रीम तासभर झाकून ठेवतात, मग बारीक भोक पाडून चिमट्याने ऐवजासकट पिशवी ओढतात. पिशवीचा तुकडा आत राहिला की गाठ पुन्हा भरते.

पुळ्या पुष्कळ असतील तर कार्बन डायऑक्साइड लेझर. खर्च जास्त, आणि खरी भीती व्रणाची: छातीच्या मधोमध व्रण फुगतो, सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्महिने राहतो. कान टोचल्यावर व्रण फुगून तिथं गाठ आली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) दाखवा की खासगीत, पहिल्या दिवशी झाकल्या जागेच्या तीन-चारच पुळ्या काढून घ्या. तीन महिन्यांनी तिथली कातडी बघून बाकीच्यांचं ठरवा.