प्लाय घ्यायला गेलो आणि पदर मोजून आलो (नाशिक, मुंबई नाका साइड)

सिंकखालचा कप्पा उघडला तर तळाचा प्लाय पुरीसारखा टम्म फुगलेला, कडेने पापुद्रे सुटलेले, चार वर्षं पण झाली नव्हती. तेव्हा दुसरीकडून वॉटरप्रूफ म्हणून आणलेला, बिलावर नुसतं "प्लाय १८ एमएम". म्हणून यावेळी सुतारावर न सोडता मी आणि आई स्वतःच गेलो, मुंबई नाक्याजवळच्या एका जुन्या दुकानात.

काकांनी रेट सांगायच्या आधी एक कापलेला तुकडा हातात दिला आणि म्हणे कडेने पदर मोजा. प्लाय म्हणजेच पदर हो, टिश्यूवर टू प्लाय लिहितात ते तेच, ट्रायप्लाय कढई पण तेच, स्टील-ॲल्युमिनियम-स्टील. आईने लगेच, अहो लोकर पण फोर प्लाय येते की, तर म्हणे तिथे पदर नाही ताई, पेड, पीळ दिलेले. आई खूश. मी मोजले, विषम निघाले, आणि ते तसेच पाहिजेत म्हणे कारण एक पदर उभा एक आडवा चिकटवतात, मग वरच्या खालच्या दोन्ही तोंडांचे रेषे एकाच दिशेने राहतात, नाहीतर शीट बाक धरतं. मग बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं, एका जागी पोकळ टक आला, आत गॅप. ते शीट त्यांनी स्वतःच बाजूला काढलं, हे मला आवडलं.

आमचा जुना एमआर ग्रेडचा (मॉइश्चर रेझिस्टंट) होता म्हणे, तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. सिंकखाली बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) घ्या, शिक्क्यात आयएस ७१० हा भारतीय मानकाचा नंबर बघा, त्याला ७२ तास उकळून टेस्ट करतात. घेतला. महाग आहेच. बेडरूमच्या कपाटाला मात्र एमआरच दिला, उगाच वरचा गळ्यात मारला नाही.

सनमायका पण तिथूनच (लॅमिनेट म्हटलं की आईला कळत नाही), तोही पदरांचाच, रेझिनमध्ये भिजवलेले कागद दाबून केलेला. १ एमएमचा घेतला, कॅटलॉगमधला रंग आणि आलेला रंग यात जरा फरक वाटला.

डिलिव्हरी मात्र सकाळी म्हणून संध्याकाळी सात वाजता, सुतार दिवसभर चहा पीत बसला, त्याची मजुरी आमच्याच डोक्यावर, आणि टेम्पोवाल्याने शीटं पार्किंगमध्येच उतरवली, वर चढवायचे वेगळे पैसे. त्यामुळे चार स्टार. जाल तर टेप घेऊन जा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या, मागितल्याशिवाय ते पण लिहीत नाहीत.