न्यू जर्सीचं दप्तर, कोल्हापूरच्या राजारामपुरीतून मागवलेलं

माझी सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. फेरफार, टिपणं, जुने नकाशे बस्त्यांतून काढून देण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळं लेकीनं न्यू जर्सीत घर पसंत केलं तेव्हा जावईबापू स्वयंपाकघराचे फोटो पाठवत होते आणि मी विचारत होते, घराचे कागद कुठं आहेत?

घर 1954 सालचं. तिकडं त्या काळातली बरीच घरं तेलावर तापवायची आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढं गॅस आला, टाकी मात्र कित्येक ठिकाणी जमिनीतच राहिली. ती गंजून गळली तर माती साफ करायचा खर्च घरमालकाच्या गळ्यात. टाकी काढायला गावच्या बांधकाम विभागाचा परवाना लागतो, म्हणजे काढली असेल तर दप्तरात कागद असणारच.

हे दप्तर ‘ओप्रा’ कायद्याखाली मागता येतं, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. 2002 पासून लागू आहे. आपल्या माहिती अधिकारासारखाच, पण आपल्याकडं तीस दिवसांची मुदत आणि तिथं साधारण कागदांना कामाचे सात दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर अर्ज नाकारला असं धरून पुढं तक्रार करता येते. कागदी प्रतीला पानामागं पाच सेंट, ईमेलनं आलेल्या प्रतींना आम्हाला काहीच पडलं नाही.

अर्ज लेकीच्या नावानं, मजकूर माझा. पहिल्या खेपेला मीच चुकले. ‘या घरासंबंधी सर्व कागदपत्रं’ असं लिहिलं आणि तो मोघम म्हणून परत आला. टेबलाच्या पलीकडं बसून असे अर्ज मीही परत केलेत, त्यामुळं राग नाही आला. आपल्याकडं जसा गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, तसा तिथं प्रत्येक मिळकतीला ब्लॉक आणि लॉट नंबर असतो. तो घातला, आणि फक्त टाकी, घर तापवायची भट्टी व गॅसजोडणीचे परवाने आणि त्यांचे तपासणी दाखले मागितले. कशासाठी हवेत हे विचारलं नाही. धंद्यासाठी मागताय का, एवढंच लिहून घेतलं.

सोमवारी अर्ज गेला. पुढच्या बुधवारी, सातव्या दिवशी, आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात वाजले असताना पीडीएफ आलं. गॅसभट्टीचा परवाना होता, सहीशिक्क्यासकट. टाकी काढल्याचा एकही कागद नव्हता. मला त्या नसलेल्या कागदानंच सगळं सांगितलं.

ओप्राच्या या सोयीला पाचपैकी चार तारे देते. एक कापला, कारण राज्यात 564 नगरपालिका आणि प्रत्येकीचा क्लार्क वेगळा. कुठं ईमेल चालतो, कुठं पोर्टलवरच भरा म्हणतात. आपला अर्ज नेमका कुठं द्यायचा हे शोधण्यातच आमचे दोन दिवस गेले. खरेदीच्या मुदती फार आखूड असतात तिथं, म्हणून घर बघून आलात की त्याच रात्री अर्ज टाका.

लेकीनं यंत्र लावून अंगण तपासून घेतलं. मागच्या पायरीजवळ टाकी निघाली. विकणाऱ्यानं स्वखर्चानं ती काढली, माती तपासून दिली, आणि टाकी काढल्याचा परवाना आता त्या घराच्या दप्तरात लागला आहे.