खडूच्या डोंगरावर नागपूरचा टायर : साउथ डाउन्सच्या पूर्व टोकाची पारख

मे-जूनचं ऊन चुकवून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मुलांकडे जाणं होणार असेल आणि पायाला माउंटन बाइकची सवय असेल, तर ससेक्समधले साउथ डाउन्स चुकवू नका. फक्त हिंगण्याकडच्या मुरमावर जमवलेला टायर आणि हवेचा आकडा जसाच्या तसा तिकडे नेऊ नका. वाट फार कठीण नाही, जमीन वेगळी आहे.

पारख दोनच गोष्टींची आहे. साउथईझ स्टेशनपासून ईस्टबोर्नपर्यंतची सुमारे २४ किलोमीटरची डोंगरधार, आणि तिच्या दक्षिणेला असलेलं फ्रिस्टन जंगल. ही धार म्हणजे विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशा सुमारे १६० किलोमीटरच्या ‘साउथ डाउन्स वे’ या वाटेचा शेवटचा तुकडा. १९७२ साली खुली झालेली ही वाट ब्रायडलवेवरून, म्हणजे घोडवाटेवरून जाते, म्हणून सायकलला हक्काची आहे. तिकीट नाही, नोंदणी नाही. जंगलात गाडी घेऊन गेलात तर पार्किंगचे पैसे तेवढे पडतात.

आधी जमीन. हे डोंगर खरोखर खडूचे आहेत, वरचं गवत खरवडलं की खाली पांढरं. समुद्रतळाशी सूक्ष्म शैवालांची कवचं साचून क्रिटेशस काळात हा थर झाला. नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, आला तो त्याच काळाच्या अखेरीस. आपला बेसाल्ट पाणी आत घेत नाही, खडू ते स्पंजासारखं पितो. त्यामुळे धारेवर ओढा नाही, झरा नाही, पाण्याची सोय फक्त खालच्या गावांत. दोन लिटर पाठीवर हवंच, थंडी असली तरी.

कोरडा खडू फार छान धरतो. मुरमासारखा घसरत नाही. पण सर आली की वरचा केसभर थर लोण्यासारखा होतो आणि खालचा थर मात्र कडकच राहतो. चिखलात टायरची गोटी, म्हणजे त्यावरचा रबरी उंचवटा, रुतून पकड मिळते, इथे रुतायला जागाच नसते. म्हणून खोल गोट्यांचा पावसाळी टायरही इथे फारसा कामाचा नाही. काळ्या मातीत गाडी जाम होते आणि माणूस उतरतो, ओल्या खडूवर गाडी चालत राहते आणि माणूस पडतो. उपाय एकच : वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक उरकायचा आणि वळणात लिव्हरवरची बोटं सैल ठेवायची. पुढचा ब्रेक आपल्यासारखाच उजव्या हाताला असतो, तेवढा गोंधळ वाचतो.

उघड्या धारेवर वाऱ्याने खडू लवकर वाळतो. झाडाखाली वाळत नाही, हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं.

वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून साउथईझहून निघून पूर्वेला जा. उलट गेलात तर शेवटची धार वाऱ्याच्या तोंडावर काढावी लागते. स्टेशन नदीकाठी, जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. बाहेर पडताच इटफर्ड हिलचा चढ लागतो आणि पाय गरम व्हायच्या आतच सर्वांत लहान गिअर लागतो. सेमिनरी हिल्सचा चढ जिथे संपतो तिथे हा कुठे रंगात येतो. पुढे फर्ल बीकन, २१७ मीटर. आकडा ऐकून हसू नका. नागपूर शहरच समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे हे खरं, पण इथे मोजणी शून्यापासून सुरू होते आणि दिवसात असे तीन चढ आहेत. बीकननंतर आखूड गवतावरची लांब, मोकळी धार. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सपाट शेतं. सगळ्या वाटेतला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत सुंदर भाग.

आल्फ्रिस्टनला उतरलात की खाऊन घ्या, पुढे भरवशाचं काही नाही. तर्री-पोह्याची अपेक्षा सोडा, शाकाहारी माणसाचं स्कोन, चीज सँडविच आणि चहावर भागतं. गावाबाहेर विंडोव्हर हिलचा चढ, सुट्या चकमकीच्या दगडांचा आणि चरांचा. याच डोंगराच्या उत्तर उतारावर विल्मिंग्टनचा लाँग मॅन, ७२ मीटर उंचीची आकृती रेखलेली आहे. मात्र धारेवरून ती दिसत नाही, खालच्या रस्त्यावरून दिसते. पलीकडे जेव्हिंग्टनचा उतार झाडीतून, मुळांवरून. मुळं ओली असतील तर त्यांना काटकोनात ओलांडा, तिरपं गेलात की चाक मुळाच्या दिशेने सरकलंच. मग तिसरा चढ आणि ईस्टबोर्नची उतरण.

आता टायर. खडूच्या थरात चकमकीचे गोळे असतात. ते फुटले की काचेसारखी धार येते, आणि पावसाने खडू धुपला की तेच वाटेवर उघडे पडतात. इथे नागपूरचा अनुभव फसवा ठरतो. सराटा किंवा बाभळीचा काटा टायरला टाचणीएवढं भोक पाडतो आणि टायरमध्ये ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, ते दोन फेऱ्यांत बंद करतं. चकमक चीर पाडते, तीही बहुधा बाजूच्या पातळ भिंतीला. तिथून सीलंट पिचकारीसारखं बाहेर उडतं.

म्हणून मागचा टायर जाड, मजबुती दिलेल्या बाजूंचा घ्या. रुंदी २.३५ इंचांच्या आसपास, गोट्या मध्यम. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २६ पीएसआय ठीक. ओल्यात पकडीसाठी आणखी कमी करायचा मोह होतो, पण मग रिम दगडावर आपटते आणि टायर दोन्हीकडून कापला जातो. ट्यूब घालणाऱ्यांनी तिशीच्या खाली जाऊ नये.

चीर पडलीच तर लगेच पंप काढू नका. चिरेची बाजू खाली करून अर्धा मिनिट थांबा, सीलंट तिथे जमू द्या. तरी फुसफुसत असेल तर आतला दगडाचा कपचा काढा, प्लगची, म्हणजे भोक बुजवायच्या चिकट रबराची, पट्टी सुईत मधोमध ओवा, आत ढकला, सुई झटक्यात बाहेर ओढा. पट्टीची टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या आणि हवा भरून झाल्यावरच छाटा. चीर सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर प्लग टिकत नाही. व्हॉल्व्ह काढून आतून जुन्या टायरचा पाच बाय आठ सेंटिमीटरचा तुकडा लावा आणि ट्यूब घाला. हा तुकडा घरूनच कापून न्या, कडा घासून पातळ करून, नाहीतर तोच ट्यूबला टोचतो.

आणि आपल्याकडचा वापरलेला टायर तिकडे नेणार असाल तर आधी आतून बोट फिरवा, फडकं घेऊन. ट्यूबलेसमध्ये सराट्याचे मोडके काटे महिनोन्‌महिने अडकून राहतात, सीलंटमुळे कळत नाही. त्याच टायरमध्ये घाईने ट्यूब घातली की शंभर मीटरवर ती बसते आणि दोष चकमकीला जातो.

फ्रिस्टन जंगल मुख्यतः बीच (beech) नावाच्या झाडांचं, गेल्या शतकात लावलेलं. धारेवर वारा झोडपत असेल तर लुलिंग्टन हीथच्या बाजूने थेट इथे उतरता येतं. रुंद, गिट्टी टाकलेल्या वाटा लहान मुलं आणि नवखे यांच्यासाठी उत्तम, पावसानंतरही चालतात. आतल्या बारीक वाटांचं मात्र तसं नाही. बीचची सावली दाट, खाली पानांचा थर, त्याखाली मुळं आणि चिकणमाती. पाऊस थांबून दोन दिवस झाल्याशिवाय तिथे जाऊ नये. बाइक पार्कसारख्या बांधीव उड्यांच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. पाट्यांचाही फार भरवसा धरू नका, एकसारख्या दिसणाऱ्या वाटांवर गोल फिरणं सहज होतं.

वाटेवरच्या पाट्यांवरील बाणांचे रंग पाठ करा : निळा म्हणजे घोडवाट, सायकलला मुभा; पिवळा म्हणजे फक्त पायी. १:२५,००० च्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशावर हिरव्या लांब रेघांची वाट आपली, आखूड रेघांची नाही. घोटाळा आल्फ्रिस्टनला होतो, कारण साउथ डाउन्स वे तिथे दुभंगतो. सेव्हन सिस्टर्स या समुद्रकाठच्या कड्यांवरून जाणारा फाटा पायी लोकांचा आहे, फोटो पाहून सायकल तिकडे घालू नका. घोडवाटेवरही पहिला मान घोड्याचा आणि पायी माणसाचा. घोडा मागून गाठला तर लांबूनच आवाज द्या आणि सावकाश पुढे जा. फाटकं भरपूर, प्रत्येक मागे लावायचं, मेंढ्या सुटतात.

हंगाम मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते मार्च खडू पाणी पिऊन तट्ट असतो, दिवसही लहान. जूनमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारी निघालात तरी चालतं.

घरी आल्यावर सायकल ओली असतानाच धुवा. वाळला की हा चिखल चुन्याच्या गिलाव्यासारखा बसतो आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या चाकांतून टोकरावा लागतो. जोरदार फवारा हबवर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. त्या लगद्यात बारीक चकमकही असते, ब्रेकचे पॅड भराभर झिजतात. ओल्या दिवसांत धातुमिश्रित पॅड बरे.

तिथेच भाड्याने घेत असाल तर मागच्या टायरची बाजू अंगठ्याने दाबून पाहा, कागदासारखी लागली तर दुसरी मागा. मग चाक काढून कानाशी धरा आणि हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही, तर सीलंट वाळलंय, दुकानातच भरून घ्या.