अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवणारा पट्टा

बाळाला काखेत धरून उचलताना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले आणि डी क्वेर्व्हेनचा विकार असल्याचे निदान केले. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात अंगठ्याचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोन कंडरांवरचे आवरण जाड होते आणि प्रत्येक हालचालीत त्या अडखळतात.

परळच्या सर्जिकल दुकानातून घेतलेला हा पट्टा मला मनापासून आवडला, कारण साधा मनगटपट्टा अंगठा मोकळा सोडतो, तर यातील धातूची पट्टी अंगठ्याच्या मुळाला आधार देते आणि टोकाचा सांधा मोकळा राहिल्याने दुधाची बाटली धरता येते. मात्र मुंबईच्या दमट हवेत अस्तर घामाने चिंब होते, वेल्क्रोची कड त्वचेला काचते आणि पावसाळ्यात धुतलेला पट्टा लवकर वाळत नाही. जमल्यास दोन घ्यावेत. माप न घेता पट्टा विकणाऱ्या दुकानात जाऊच नये.

पट्ट्याने आराम न पडल्यास डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवतात. शस्त्रक्रियेची वेळ मोजक्यांवरच येते.