कॉटर पिनचा प्रेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांत पाच जुन्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, या प्रेसने उतरवले. कॉटर पिन म्हणजे क्रँकला एक्सलवर पक्कं धरणारी पाचरीसारखी खीळ. दहा पिनांपैकी नऊ सरळ निघाल्या, एक ड्रिलने पोखरावी लागली. तिचा दोष प्रेसला देणार नाही. तिच्यावर आधीच कुणीतरी हातोडी चालवलेली होती.

कॉटर पिनेवर हातोडी हाणू नका, हे मी कळकळीने सांगतोय. एकतर आट्याचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरतं आणि मग ते भोकातून पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे घावाचा दणका एक्सलमधून थेट बेअरिंगपर्यंत जातो, गोळ्यांचे खळगे बेअरिंगच्या कपांत, म्हणजे वाट्यांत, उमटतात. हातोडीच वापरायची असेल तर क्रँकखाली जाड पाइप उभा करून त्याचा भक्कम टेका द्या.

प्रेस म्हणजे जाडजूड सी-क्लॅम्पच. एका बाजूच्या पोकळीत पिनेचं जाड टोक शिरतं, दुसरीकडचा स्क्रू आट्याच्या टोकावर टेकतो. नट काढायचा, जोडावर गंजाचं भेदक तेल सोडायचं आणि एक रात्र थांबायचं. माझी सगळ्यात हट्टी पिन तिसऱ्या दिवशी सुटली. पान्याला लांब नळी लावून पाव-पाव फेरा देत होतो. स्क्रू जागचा हलेना, नुसता करकरत होता. एकदम 'टण्ण' असा आवाज आला, मी दचकलोच. पाहतो तर पिन जेमतेम दोन मिलिमीटर सरकली होती आणि भोकाच्या कडेला तपकिरी भुकटी सांडली होती. तिथून पुढे ती बोटांनी निघाली. तो आवाज होईपर्यंत धीर सोडायचा नाही. स्क्रूला मात्र दर वेळी ग्रीस लावा, नाहीतर प्रेसचेच आटे जातात. माझ्या स्क्रूचं टोक आता किंचित चेपलंय, पण काम अडत नाही.

नवी पिन घेताना जुनी मोजून घ्या. ब्रिटिश सायकलींना बहुधा 9.5 मिलिमीटरची लागते, युरोपातल्या बऱ्याच सायकलींना 9 ची. बसवतानाही प्रेसनेच दाबा. नट आवळून पिन आत ओढू गेलात तर मऊ आटे तुटतात. नटाचं काम फक्त बसलेली पिन धरून ठेवायचं. थोडं चालवून झालं की पुन्हा एकदा दाबून घ्यावी.

चौकोनी एक्सलवरच्या ॲल्युमिनियम क्रँकला हा प्रेस चालत नाही, तिथे पुलर हवा, म्हणजे क्रँकच्या आट्यात बसवून त्याला ओढून काढणारं हत्यार. बहुतेक क्रँकचा आटा 22 मिलिमीटरचा असतो, पण जुन्या फ्रेंच क्रँकला फसू नका: टीए कंपनीचा 23, स्ट्राँगलाइट कंपनीचा 23.35. चुकीचा पुलर दोन फेरे जातो आणि मग आटे खरवडून टाकतो. पुलर लावण्याआधी बोल्टखालचा वॉशर आत राहिला नाही ना, हे टॉर्च मारून बघा. मळाने तो तळाशी असा चिकटलेला असतो की दिसतच नाही.

फ्रेममध्ये आट्यांवर बसलेल्या, एक्सलच्या उजवीकडच्या बेअरिंग कपासाठी माझी झटापट अजून चालू आहे. ब्रिटिश आट्यात तो उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सुटतो. इटालियन फ्रेममध्ये नेहमीसारखा. मी एक जाड बोल्ट, नट आणि वॉशर यांनी कप दोन्हीकडून घट्ट आवळून सोडवतोय. एक सुटला, एक अजून तेलात आहे.