कर्जदाराच्या बाजूने पाहिलेली लोक अदालत

थकलेल्या कर्जासारखे वाद तडजोडीने मिटवणारी राष्ट्रीय लोक अदालत ही मोफत आणि उपयुक्त सेवा आहे, आणि नोकरी गेल्यामुळे हप्ते थकलेल्या माणसाने तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र ज्या दिवशी ती भरते त्याच दिवशी तेथे प्रथम पाऊल टाकू नये, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील माझी नोकरी सुटली तेव्हा आमच्या डोक्यावर बँकेचे वैयक्तिक कर्ज, पतसंस्थेचे कर्ज आणि पत्नीच्या नावे गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज अशी तीन देणी होती. काही महिन्यांत बँकेकडून दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस आली आणि कोर्टाचे बोलावणे म्हणजे आता घरावर जप्ती, असा घोर घरात लागला. वास्तविक ही नोटीस म्हणजे समन्स नव्हे. दावा दाखल होण्याआधी तडजोड होते का, हे पाहण्यासाठी दिलेले ते लोक अदालतीचे बोलावणे असते. तेथे गेले नाही म्हणून कोणाला अटक होत नाही, फक्त तडजोडीची एक संधी जाते.

या सेवेचा खरा लाभ मला लोक अदालतीच्या आधी, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या लहानशा खोलीत झाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 अन्वये महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्यास मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंनी बँकेचा खातेउतारा टेबलावर पसरला आणि शिसपेन्सिलीने मुद्दल, व्याज आणि दंड असे तीन वेगळे रकाने पाडले. दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे 2023 चे परिपत्रक सांगते. उताऱ्यातील अशा नोंदींवर त्यांनी खुणा केल्या. पत्नीच्या कर्जाबाबत त्यांनी सांगितले की मायक्रोफायनान्सच्या नियमांप्रमाणे कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, असे पाहूनच कर्ज द्यायचे असते, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येता येत नाही. एवढे ऐकल्यावर पत्नी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

वकीलबाईंनी दिलेला दुसरा सल्ला त्याहून मोलाचा ठरला. लोक अदालतीत बसणाऱ्या शाखाधिकाऱ्याला सूट देण्याचा अधिकार मर्यादित असतो, त्यामुळे आपला प्रस्ताव शाखेत आधीच लेखी द्यावा, म्हणजे तो वरून मंजुरी घेऊन येतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष दिवशी याचा प्रत्यय आला. आवारात मांडव घातलेला, खुर्च्या कमी, माणसे जास्त, आणि पंख्याच्या घरघरीत नावांचा पुकारा ऐकू येणे कठीण. माझ्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ पूर्ण तयारीनिशी आले होते, तरी त्यांचा प्रस्ताव ऐनवेळी मांडला गेल्यामुळे अधिकाऱ्यांना ‘वर विचारून सांगतो’ याखेरीज काही बोलता आले नाही आणि त्यांचे प्रकरण पुढच्या तारखेवर गेले.

आमची तडजोड घडवून आणणाऱ्या पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकील होते. बँकेचे अधिकारी आल्याबरोबर विचारू लागले, ‘आज किती भरता?’ त्यावर न्यायाधीशांनी माझ्याकडे वळून वेगळाच प्रश्न केला, ‘घरची कलमे आहेत ना? आंब्याचे पैसे कधी हातात येतात?’ मी म्हटले, ‘साहेब, वाशी बाजारातून विक्रीची पट्टी एप्रिलपासून येऊ लागते, पूर्ण हिशोब मेअखेर होतो.’ डिसेंबर चालू होता, कलमांना नुकता मोहोर धरत होता. ठरले ते असे, की थोडी रक्कम त्याच दिवशी भरायची आणि उरलेली एप्रिल व मेअखेर अशा दोन हप्त्यांत, दंड पूर्ण माफ करून. पगाराच्या हिशोबाने दरमहा हप्ता बांधून घेणाऱ्या बँकेला बागायतदाराचे वर्ष कसे चालते हे समजावून सांगणारा तिसरा माणूस मध्ये बसतो, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ वाटते.

तरीही सही करण्यापूर्वी प्रत्येकाने थांबून विचार करावा. लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. ठरलेली रक्कम भरली नाही तर बँकेला नव्याने दावा लावावा लागत नाही. तिला थेट अंमलबजावणीची दरखास्त करता येते. म्हणून मांडवातील घाईगर्दीला बुजून झेपणार नाही तो आकडा मान्य करण्यापेक्षा तडजोड न करता उठून यावे. तसे उठून येण्याचा हक्क कर्जदाराला आहे, हे मात्र तेथे कोणी आपणहून सांगत नाही. शिवाय सूट घेऊन बंद झालेले कर्ज, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढे कर्ज मागताना ते आडवे येते. बेकार माणसाला आज त्याची फिकीर नसेल, पण मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज लागणार असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पतसंस्थेच्या कर्जाबाबत मला येथे फारसे काही साधले नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवण्याचा तिचा मार्ग निराळा आहे, आणि संस्थेचा प्रतिनिधी तडजोडीला आला नाही तर पॅनेल त्याला ओढून आणू शकत नाही. गावात दरमहा शेकडा पाच रुपयांनी हातउसने देणाऱ्यांचेही येथे काही चालत नाही आणि त्यांच्याविरुद्धही चालत नाही. विनापरवाना सावकारी हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची असते.

सोयींबाबत बोलायचे तर पिण्याच्या पाण्याची व्यवस्था होती, खासगीपणाची नव्हती. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माझा चुलत भाऊ शेजारीच बसला होता आणि माझ्या घरचा सगळा हिशोब त्याच्यासह अर्ध्या मांडवाने ऐकला. निदान पडद्याचा आडोसा करणे अवघड नाही. निवाड्याची प्रत मात्र त्याच संध्याकाळी हातात मिळाली. शेवटचा हप्ता भरल्यावर शाखेतून बाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज घेताना दिलेले कोरे धनादेश मागून घ्यायचे आहेत, असे वकीलबाईंनी त्या प्रतीच्या मागे पेन्सिलीनेच लिहून दिले.