भाडं भरून मालक व्हा? मी सरळ मालकच गाठला

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडले तेव्हा बायको म्हणाली एफडी कर, मेव्हणा म्हणाला फ्लॅट घेऊन भाड्यानं दे. ऐकलं मेव्हण्याचं. त्या पायी दोन ठिकाणचा अनुभव पदरी पडला, तो लिहितो.

पहिलं ठिकाण म्हणजे नाशकातल्या गंगापूर रोडचं एक ऑफिस. नाव मुद्दाम लिहीत नाही. एसी, काचेचा दरवाजा, चहा उत्तम. योजना अशी: पाथर्डी फाट्याला एक वन बीएचके, आज दोन लाख भरा, मग दरमहा १५,००० द्या. त्यातले ८,००० भाडं आणि ७,००० तुमच्या नावावर जमा. तीन वर्षांनी २९ लाखांना फ्लॅट तुमचा, जमा रक्कम वजा करून. तोवर पोटभाडेकरू ठेवला तरी चालेल. "काका, सिंहस्थ आला की भाव हाताला लागणार नाही, आजच रेट लॉक करा," असं तिथला पोरगा म्हणाला. नाशकात सिंहस्थाचं नाव घेतलं की डोक्यातला हिशेब बंद पडतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मी मात्र घरी येऊन हिशेब मांडला. सात हजारांप्रमाणे छत्तीस महिन्यांचे २,५२,०००. आधीचे दोन लाख धरून ४,५२,०००. म्हणजे तीन वर्षांनी मला २४,४८,००० एकरकमी उभे करायचे. आज वय ५९, तेव्हा ६२. त्या वयात बँक मला घरासाठी कर्ज देईल? मग कराराचा मसुदा वाचायला घेतला. हप्ता सात दिवस लांबला तर करार रद्द, जमा रक्कम परत नाही. माझी पंधराशेची पेन्शन उशिरा आली तर चार लाख बुडाले, असा त्याचा अर्थ.

खरी गंमत कागदाची आहे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'भाडेकरार', वर नोटरीचा शिक्का. नोंदणी नाही. का नाही, ते मला एका वकीलबाईंनी समजावलं. ताबा देऊन साठेखत (पुढे विकायचा करार) केलं, तर महाराष्ट्रात खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावं लागतं. ते टाळायचं म्हणून कागदाला भाडेकरार म्हणायचं. पण इथे नुसता भाडेकरारसुद्धा लेखी आणि नोंदवलेलाच असावा लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं. नोटरी सांगते ते एवढंच की सही तुमची आहे. घर तुमचं होईल असं ती कुठे सांगते? उद्या मालकानं तोच फ्लॅट दुसऱ्याला रीतसर विकला, तर मी हा कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसणार.

बाईंनी आणखी एक काम सांगितलं, आणि सगळ्यात उपयोगी तेच ठरलं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर मोफत ई-सर्च आहे. गाव, मिळकतीचा क्रमांक आणि वर्ष टाकायचं. (साइट दर दहा मिनिटांनी बंद पडते. रात्री अकरानंतर बसा.) माझ्या पोराला लॅपटॉपवर बसवलं आणि २०१९ ची नोंद निघाली: बँकेची नोटीस ऑफ इंटिमेशन. म्हणजे मालकानं फ्लॅटचे कागद गहाण ठेवून कर्ज काढलंय. मी इकडे पंधरा हजार भरत राहणार, त्यानं तिकडे बँकेचे हप्ते थकवले की बँक येऊन कुलूप लावणार. ऑफिसात विचारलं तर "ते शेवटी क्लिअर होतं काका." तिथून उठलो. त्या ऑफिसला पाचपैकी एक, तोही चहाचा.

दुसरा अनुभव थेट मालकाचा. आमच्या डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं की पाथर्डी फाट्यालाच एक निवृत्त गुरुजी पुण्याला मुलाकडे जाताहेत, फ्लॅट विकायचाय. आधी घरं दाखवणारा एजंट दोन टक्के मागत होता, म्हणजे ५२,००० वाचले. गुरुजींनी २८ सांगितले, चार चहा आणि एका जेवणानंतर २६ लाखांवर ठरलं. तेवढ्याच आकाराचा फ्लॅट, त्या योजनेतल्यापासून दोन गल्ल्यांवर, तीन लाखांनी स्वस्त. 'रेट लॉक' म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

पण थेट व्यवहार म्हणजे सगळी पायपीट आपली. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीचा उतारा, काढला तर त्यावर गुरुजींबरोबर त्यांच्या बायकोचं नाव. ती माउली चार वर्षांपूर्वी गेलेली. मग तिच्या हिश्शाचे वारस म्हणून मुलगा आणि दोन मुली. एक मुलगी इंदूरला. तिघांचं हक्कसोडपत्र होईपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर एक लाखाची विसारपावती सोडून मी एक पैसा दिला नाही. गुरुजी जरा रुसले, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, मी तिकिटाशिवाय माझ्या सासऱ्यांनासुद्धा गाडीत बसू दिलं नाही.

वकीलबाईंनी तीस वर्षांचा सर्च काढला, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासल्या, पेपरात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवस थांबल्या. त्यांना पाचपैकी पाच. फी १२,००० घेतली, पण फोन प्रत्येक वेळी उचलला.

सोसायटीचा सेक्रेटरी वेगळाच नमुना. मेंटेनन्सची ३१,००० थकबाकी होती, ती गुरुजींनी किमतीतून वळती करू दिली. पण ट्रान्सफरचे म्हणून सेक्रेटरीनं ४०,००० मागितले. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही, शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. त्याची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "मग पंधरा हजार देणगी समजा" म्हणाले. नाही समजलो.

खरेदीखत बायकोच्या एकटीच्या नावावर केलं. निवासी घराच्या खरेदीत बाईला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे २६,००० वाचले. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे तेवढेच २६,००० गेले. दुय्यम निबंधकांकडे सकाळी अकराचा टोकन, अंगठे-फोटो होऊन बाहेर पडलो तेव्हा दुपारचे साडेतीन. गुरुजींनी जाताना किल्ल्यांबरोबर देवघराची एक पितळी घंटा दिली, ती राहू दे म्हणाले.

आता अंबडच्या कंपनीतली दोन पोरं राहतात. भाडं ९,०००, त्यातून मेंटेनन्स १,२०० जातो. वर्षाला हाती येतात ९३,६००, घरपट्टी अजून त्यातूनच द्यायची. २६ लाखांवर हे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एफडीवर जास्त मिळाले असते, हे बायको महिन्यातून एकदा तरी ऐकवते. घर तिच्याच नावावर आहे, तेव्हा उलट बोलायची सोय नाही.

त्या गंगापूर रोडच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक तरुण बसला होता, सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. त्याचे चौदा हप्ते भरून झाले होते. परवा सीबीएस बसस्टँडवर भेटला तेव्हा रसवंतीत बसून त्याच्या फ्लॅटचा क्रमांक मोबाइलवर टाकून पाहिला. त्यावरही बँकेची नोटीस निघाली. वकीलबाईंचा नंबर दिला. काल फोन केला तर अजून गेलेला नाही. म्हणाला, काका, पाच तारखेचा हप्ता तेवढा भरतो आणि मग बघतो.